काळी चारचा दगड

“आणि थाप मारलीस?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

“मारली की,” अभिराम म्हणाला.

“काय म्हणाला दगड?”

“खणखणीत बोलला. काळी चारचा सूर लागला होता, चाचा.”

चाचांच्या मिरजेतल्या तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळा असो, लाकूड असो, नाहीतर ग्राइंडरचा नवा दगड, आधी थाप मारून आवाज ऐकायचा. अखंड असेल तर वाजतो. आत तडा असेल तर बद्द बोलतो. आणि तडा गेलेला दगड मशीनवर फिरला की फुटतो, तुकडे थेट समोरच्याच्या तोंडावर. म्हणून नवा दगड चालू करताना समोर कुणी थांबत नाही.

मी तर मशीन बंद असतानाही दाराशीच असते. चाळिशी ओलांडून शिकायला आले आणि अजून पॉलिशकागदाच्या पुढं गेले नाही, त्याचं हेही एक कारण असावं.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या अभिरामचं तसं नव्हतं. त्याला कान होता. आपल्याला कान आहे, हे तो जेवतानासुद्धा विसरायचा नाही.

आज त्याला चाचांच्या अब्बांची गोल पटाशी मिळायची होती. स्वतः धार लावायची आणि तिनंच तंबोऱ्यावरची पानं कोरायची. ती पटाशी चाचांनी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती.

“पांढराच दगड घेतलास ना?”

“पांढराच. करड्यावर पातं तापतं, निळं पडतं. पोलादाचं पाणी उतरतं.”

“पाठ आहे.”

“आहे ना. द्या पटाशी.”

चाचांनी पटाशी दिली नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि दगडाच्या बरोब्बर समोर बसले. चष्मा काढला. सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“कर चालू.”

“चाचा, बाजूला बसा की.”

“कशाला? वाजला ना खणखणीत?”

“वाजला.”

“मग कर.”

अभिरामनं बटणावर बोट ठेवलं.

…

बोट तिथंच राहिलं.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “चहा टाकू का?”



“काळी चार म्हणालास,” चाचा म्हणाले.

“हो…”

“मग?”

“तुम्ही आधी उठा ना.”

“म्हातारा झालो, बेटा. ऐकायला कमी येतं. जवळ बसलेलं बरं.” त्यांनी मान आणखी पुढं केली. दगड आणि त्यांचं नाक यांच्यात वीतभर अंतर उरलं.

…

 अभिरामनं आपलं बोट दुसऱ्या हातानं बटणावरून उचललं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

“सकाळी थाप मारली तेव्हा वाजला होता,” तो म्हणाला.

“बरं.”

“मग बसवताना… हातातून सुटला. फरशीवर पडला.”

“बरं.”

“परत नाही मारली. वाटलं, बद्द निघाला तर नवा दगड आणावा लागेल, पटाशी लांबणीवर पडेल. वरून तर काही दिसत नव्हतं, चाचा…”

चाचा उठले. चष्मा लावला. नट सैल करून दगड काढला, भोकात बोट घालून तो हवेत धरला आणि पटाशीच्या लाकडी मुठीनं हलकेच मारलं.

बद्द.

फुटक्या माठासारखा. माझ्यासारख्या बेसुरीलाही कळलं.

अभिराम खालीच बसला. 

“रागवा तरी, चाचा.”

चाचांनी तो दगड अलगद त्याच्या मांडीवर ठेवला.

“थाप दगडाला मारायची असते, बेटा.”