पहिला घोट

धुक्यात बुडालेल्या एका रानात खारूताईनं वनदेवीला नवस केला होता: ‘तळं आमच्याकडे राहू दे, पहिला घोट टोपली राखणाऱ्याला देईन.’ पैलतीरच्या माकडांशी चेंडूचा सामना होता. जो टोपलीत जास्त चेंडू टाकेल, त्याचं उन्हाळाभर तळं. खारूताईकडे उंच उडणाऱ्या दोन हरिणी होत्या, पण टोपलीपुढे आडवं उभं राहायला कुणीच नव्हतं.

ती शेजारच्या रानातल्या सशिणीकडे गेली. “वहिनी, माझी एक हरिणी घ्या, तुमची म्हैस द्या.”

“अगंबाई! ती तर जागची हलत नाही.”

“तेच तर हवंय!”

सामन्यात माकडांचे चेंडू म्हशीच्या पाठीवर आपटून अलगद परतले. ती आपली स्वप्नात असल्यासारखी रवंथ करत राहिली. उरलेल्या हरिणीनं उंच उडी मारून चेंडू टोपलीत टाकले आणि तळं खारूताईकडेच राहिलं. खारूताईनं कमळाच्या पानातून पहिला घोट तिलाच पाजला.

बायांनो, तुमच्याही घरात कुणी असं मुकाट्यानं उभं असेल. आज पहिला घास त्याला वाढा.