भाल्याच्या जागी वल्हं

फार फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल बांधायचं अजून कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक चितारीण राहत होती. ती ना कुठल्या दरबाराची नोकर होती, ना कुठल्या देवळाची मानकरी. बोलावणं आलं की कुंचले झोळीत टाकायचे, नावेने नदी ओलांडायची आणि पलीकडच्या पेठेत चित्रं काढायची. बोलावणं आलं तर चूल, नाही आलं तर एकादशी.

तिच्या कामाची तऱ्हा न्यारी होती. रंग कालवण्याआधी ती त्या घरी जाऊन नुसती बसे. कुंभाराला भिंतीवर गाढव हवं असेल, तर आधी त्याचं गाढव बघून येई. म्हणून भिंतीवरच्या गाढवाचाही एक कान पडलेला असे आणि कुंभार येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे, हे आमचंच बरं का.

नाव झालं तसं काम वाढलं. कोणाला वाटेल, बाई आता सुखात असेल. पण सुख तिच्या पत्रिकेतच नव्हतं. काम नसलं की तिला वाटे, लोक आपल्याला विसरले. काम असलं की वाटे, हे संपल्यावर पुढे काय? या धास्तीपायी तिने कधी कोणाला नाही म्हटलं नाही. तेल्याचं दार, धर्मशाळेची ओसरी, लग्नघराची भिंत, ती सगळ्यांना हो म्हणत गेली. मग छातीत सारखी धडधड. घास हातातच राही आणि नजर दाराकडे, कोणी तगादा लावायला तर आलं नाही ना?

शेवटी तिने युक्ती काढली. जाड कागदावर एक शिपाई रेखला, टपोऱ्या डोळ्यांचा, पिळदार मिशांचा. रेषांवर सुईने बारीक भोकं पाडली. झाला खाका तयार. तो भिंतीला लावायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की शिपाई भिंतीवर उतरलाच. तेल्याच्या दारावर तोच, धर्मशाळेत तोच, लग्नघरीही तोच. लोकांना तो आवडला. तिला मात्र आपल्याच चित्रांसमोरून जाताना मान वर करवेना.

अशातच नदीला पूर आला आणि गावचा नावाडी वाहून गेला. त्या काठावर एक रीत होती. नदीने ज्याला परत दिलं नाही, त्याचं चित्र वर्षाच्या आत घरातल्या भिंतीवर काढायचं. म्हणजे माणूस घरी आला असं मानायचं. नावाड्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती. त्याची बायको चितारणीकडे आली.

"पोरीनं बाप बघितला नाही," ती म्हणाली. "तुम्ही रोज त्यांच्यासमोर बसून पलीकडं जात होता. तुमच्याशिवाय त्यांना कोण काढणार?"

ते खरंच होतं. वल्हं मारताना नावाडी एक डोळा बारीक करी. हसला की त्याची मिशी एका बाजूने वर चढे. चितारणीला सगळं लख्ख दिसत होतं. ती हो म्हणाली.

पण त्याच आठवड्यात सरदाराकडून रंगमहालाचं बोलावणं आलं. त्यालाही ती हो म्हणाली. नावाड्याच्या घरी उद्या जाऊ, परवा जाऊ, करता करता वर्ष सरत आलं. अखेरच्या दिवशी ती त्या घरी पोचली, तेव्हा बाहेर सरदाराचा घोडेस्वार तिची वाट बघत उभा होता. तिने खाका काढला आणि भिंतीला लावला. भाल्याच्या जागी वल्हं दिलं, पागोट्याच्या जागी मुंडासं. दुपारच्या आत काम उरकलं.

नावाडीण बराच वेळ बघत राहिली.

"जरा वेगळे वाटतात," नावाडीण म्हणाली. मग तिने स्वतःचेच डोळे पुसले. "पण तुमची नजर माझ्यापेक्षा पक्की. असेच असतील."

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. पण घोडा बाहेर पाय आपटत होता. चितारणीने झोळी उचलली.

मुलगी मोठी झाली. रोज तिन्हीसांजेला ती बापासमोर दिवा लावी. तिची आई पुन्हा कधी नावेत बसली नाही, की पलीकडे गेली नाही. चितारीण त्या गल्लीतून जायचं टाळू लागली. एके दिवशी मुलगी मामाबरोबर पहिल्यांदा पेठेत गेली आणि परतताना थेट चितारणीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मावशी, माझा बा तेल्याच्या दारावर भाला घेऊन उभा आहे," ती म्हणाली. "धर्मशाळेत पण आहे. मग तो घरी का येत नाही?"

चितारीण तशीच नावाडणीकडे गेली आणि सगळं कबूल केलं. भिंत खरवडून तिने चुना दिला. त्या दिवसापासून आलेल्या प्रत्येक बोलावण्याला नाही म्हटलं. पांढऱ्या भिंतीसमोर बसून तिने डोळे मिटले. समोर आला तो खाक्यातला शिपाई. दुसऱ्या दिवशीही तोच आला, तिसऱ्या दिवशीही तोच. शेवटी रडवेली होऊन तिने नावाडणीला विनवलं, तुम्हीच सांगा, ते दिसायला कसे होते?

"इतकी वर्षं रोज त्या भिंतीकडं बघत आले, बाई," नावाडीण म्हणाली. "आता डोळे मिटले की मलाही तोच दिसतो."

गावातल्या इतरांना विचारलं, तर त्यांना वल्हं आठवत होतं, चेहरा नाही. ती भिंत पांढरीच राहिली. नावाड्याचा चेहरा आता जगात कोणालाच आठवत नव्हता.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो भीतीपोटी सगळ्यांना हो म्हणतो, तो ज्याला हो म्हणायलाच हवं त्यालाच फसवतो.