वीस बोटं पाणी

“यंदा तोटा ऐकायचा नाही, एवढंच मी म्हणालो होतो. खोटं लिहायला कुणालाच सांगितलं नव्हतं. मग गुरवांनी ते का लिहिलं?”

पंप बनवणाऱ्या कंपनीचे मालक दिनकरशेठ बेहेरे आमच्या मठाच्या बाबांना विचारत होते. सदानंद गुरव त्यांचे बावीस वर्षांचे हिशेबनीस. कंपनी तोट्यात असताना त्यांनी ताळेबंदात नफा दाखवला होता. त्यांच्याविरुद्धची फिर्याद शेठच्या खिशातच होती. सही तेवढी बाकी होती.



बाबा म्हणाले, “तीन दिवस राहा. टाक्यातलं पाणी मोजा.”

आमचा मठ डोंगरावर. कातळात खोदलेलं टाकं हाच पाण्याचा आधार. पंगत बसायच्या आधी एकानं खुणांची काठी टाक्यात बुडवायची आणि पाणी किती बोटं ते सगळ्यांसमोर सांगायचं, ही इथली रीत. पडताळायला दुसरं कुणी जात नाही.

चैत्र होता, पाणी उतरणारच. तरी बाबांनी शेठना बजावलं, पाणी वीस बोटांच्या खाली जाता कामा नये. मी मठाचा आचारी. मला हसूच आलं. पाणी काय कुणाचं ऐकतं?

पहिल्या दिवशी शेठनी अठरा सांगितलं. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी सतरा. ताट पुन्हा तसंच. ऐंशीच्या घरातला माणूस, दोन दिवस उपाशी! सगळी पंगत शेठकडे अशी बघत होती, जणू पाणी त्यांनीच पिऊन टाकलं. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी शेठ काठी घेऊन आले. खाली बघत म्हणाले, “वीस.”

बाबा दोन भाकरी जेवले. पंगत खुलली. कुणीतरी शेठच्या पानात गूळ वाढला.

हात धुऊन बाबांनी काठी मागितली. ती अजून ओलसर होती. ओल जिथं संपत होती, तिथं त्यांनी बोट ठेवलं...

सोळा.

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. “बाबा, तुम्ही उपाशी होतात... उद्या खरं सांगणार होतो.”

इतकी वर्षं मी या म्हाताऱ्याला जेवू घालतोय, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

शेठचा हात खिशातल्या कागदावर गेला आणि तिथंच राहिला.

बाबा हळूच म्हणाले, “पण शेठ, मी तरी तुम्हाला खोटं बोलायला कुठं सांगितलं होतं?”