कुंकवाखालची कातडी

फार वर्षांपूर्वी, आपल्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा, मिठागरात गोमाबाय नावाची सुईण होती.

त्या काळी मीठ ओढणाऱ्या बायकांच्या तोंडावर वांग यायचा, काळपट डाग. वरून ऊन, खालून मिठाची चकाकी, येणारच. पण पिंपळाखाली विड्या ओढत बसलेले पंच म्हणायचे, पाप उमटलं. त्यांचा उपाय काय, तर तोंडाला लिंबू चोळायचं आणि भर दुपारी बांधावर सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं. लिंबावर ऊन पडलं की कातडी भाजते. डाग वाढायचा. मग हेच म्हणायचे, बघा, केवढं पाप!

हिरूला सहावा महिना लागला आणि तिच्या कपाळावर, गालांवर वांग आला. तिचा सासरा जोमा पाटील पंचांतला मोठा. त्याने तीन दुपारी दिल्या. डाग गेला नाही तर माहेरची होडी. पहिल्या दुपारी गाल लाल झाले. दुसऱ्या दुपारी फोड आले. अख्खं गाव बघत होतं. तिसऱ्या दुपारी ती पोट धरून झुलायला लागली.

तेव्हा गोमाबाय बांधावर चढली आणि तिने पदराने हिरूचं कुंकू पुसलं. नवरा जिता असताना!

"मेले, सौभाग्य पुसलंस?" जोमा ओरडला.

"बघा तरी, पाटीलबाबा." कुंकवाखाली रुपयाएवढी कातडी स्वच्छ होती. "पाप कुंकवाला भ्यालं का? ऊन पोचलं नाय तिथं डाग नाय. आता लिंबू तुमी चोळा."

पाटील कसला चोळतोय! असं म्हणतात, गोमाबाय हिरूवर सावली धरून उभी राहिली, आणि गोमाबाय निघून गेली तरी सावली सूर्य बुडेपर्यंत हलली नाही. पुढे गोमाबायची सावली कुणालाच दिसली नाही, असंही म्हणतात.

हिरूला मुलगी झाली. हिरू डोकं-तोंड फडक्यात गुंडाळून कामाला यायची. वर्षभराने वांग पुसट झाला. पुरता गेला, असं कुणी म्हणत नाही.

आजही मिठागरात सावली माणसापेक्षा आखूड झाली की हाक येते, "गोमाबाय आली!" आणि हातातलं काम थांबतं. नवी सून पहिल्यांदा बांधावर येते, तेव्हा सासू तिच्या डोक्याला मोठं फडकं बांधते. पण आधी तिचं कुंकू पुसते, खालची कातडी साऱ्या गावाला दाखवते आणि पुन्हा कुंकू लावते. तेवढा वेळ कुणी श्वास सोडत नाही. म्हातारे मान खाली घालतात. घालायलाच हवी.