सुनेची ओळ

बोरखिंडीच्या माळावर हरभऱ्याची पहिली ओळ कायम विरळ दिसते. मधूनमधून रोपं उपटलेली. पाहुण्यांना वाटतं, गुरं शिरली. मग काशिबा गुरव बांधावर टेकतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी हा माळ नुकताच मोडून शेतीखाली आणला होता, म्हणे. शेणखत घातलं, पाणी दिलं, तरी हरभरा वीतभर वाढून पिवळा पडायचा. तिसऱ्या वर्षी भिवराबाईच्या घरात सारजा सून होऊन आली. तिच्या माहेरी हरभरा पिढ्यान्‌पिढ्या पिकत होता. येताना तिने लुगडी दोनच आणली आणि त्या शेतातली ओली माती टोपलीभर.

"आमच्याकडं काय मातीचा दुष्काळ पडलाय?" सासूने विचारलं.

"नव्या रानात पेरताना आमचे बाबा जुन्या रानाची माती बियाण्याला चोळतात, आत्याबाई. का, ते मी कधी विचारलं नाही."

गुळाच्या पाण्यात माती कालवून तिने बियाण्याला चोळली. गावात कुजबुज झाली की ही करणीच. भिवराबाईने एवढंच बजावलं, "यंदा पिवळं पडलं, तर आल्या वाटेनं माहेरी जायचं."

तेव्हापासून सारजाला चैन पडेना. पेर उगवली तशी ती रोज सकाळी एक रोप उपटून मूळ बघायची. काय बघायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दीर म्हणाला, "वहिनी, पीक यायच्या आधी तुमच्या बघण्यानंच संपेल!"

पंचविसाव्या दिवशी मुळांवर बारीक गाठी दिसल्या. तिच्या हातातलं रोप भिवराबाईने ओढून घेतलं.

"रोग आणलास गं! उपटा रे सगळं!"

सारजाने नखाने एक गाठ फोडली. आत लालसर, ओलं.

"रोगाची गाठ अशी असते का, आत्याबाई? काळं नाही, घाण वास नाही."

भिवराबाईने बोटावर घेऊन हुंगलं. मग म्हणाली, "आठ दिवस. त्यावर एक दिवस नाही."

ते आठ दिवस सारजा काम नसताना शेतात जायची आणि तिथे जीव रमला नाही की घरी यायची. असं सांगतात की सातव्या दिवशी पानं गर्द हिरवी झाली, आणि बांधापलीकडचं शेजाऱ्यांचं रान पिवळंच राहिलं. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते हवेतलं खत पिकाला देतात, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. भिवराबाईने सुनेचं कौतुक केलं नाही. शेजारीण डोकावली तेव्हा मात्र म्हणाली, "बघायचंय? उपटून बघ. आमची सून रोज बघते."

आजही माळावरची पहिली ओळ घरातल्या नव्या सुनेची असते. जीव घाबरला की तिने रोप उपटावं, गाठ फोडावी. आत लाल दिसेपर्यंत त्या घरात तिला कुणी काही बोलत नाही.