टिचकीचा दाणा गेला जात्यात

ऐका हं, कान टवकारून ऐका. मध्येच पाणी मागायचं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक घर होतं. घरामागे मक्याचं शेत. शेतातला मका पिकला, वाळला आणि घरात आला. कणसांच्या जुड्या बांधल्या. जुड्या छपराच्या लाकडाला टांगल्या. वर पाहिलं की नुसती पिवळी पिवळी कणसं, आणि कणसांना पांढरी पांढरी सालं.

घर होतं गेंदीबाईचं. गेंदीबाईची एक कोंबडी. कोंबडीची दहा पिल्लं. नऊ पिल्लं धष्टपुष्ट, आणि दहावी टिचकी. टिचकी केवढी? लिंबाएवढी. पाय कसे? काडीसारखे. आणि राग? राग मात्र परातभर.

सकाळी गेंदीबाईने अंगणात दाणे टाकले. नऊ पिल्लं धावली. टिपटिप, टिपटिप, सगळे दाणे फस्त. टिचकी पोचली तेव्हा काय उरलं होतं? माती.

टिचकी घरात आली. इकडे शोधलं, तिकडे शोधलं. जात्याच्या बाजूला एक दाणा सापडला. मक्याचा दाणा. पिवळाधमक, टपोरा. पण चोच एवढीशी आणि दाणा केवढा. गिळायला गेली तर अडकला. फोडायला गेली तर सुळकन सटकला.

टिचकीने डोकं चालवलं. जातं दगडाचं, दगड खरखरीत. दगडावर दाणा ठेवू, मग फोडू. टुणुक टुणुक चढली जात्यावर. दाणा ठेवला. चोच उचलली.

दाणा घरंगळला. गर्र गर्र गर्र. जात्याच्या मधोमध तोंड असतं ना, तिथे गेला. गुडुप.

टिचकीने आत पाहिलं. काळोख. केवढं रडू आलं बिचारीला. एकच तर दाणा होता.

"जातोबा, जातोबा, माझा दाणा दे.
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

कोंबडीच्या पोटात कावळे कसे, ते मला विचारू नका. ओरडत होते एवढं खरं.

जातं म्हणालं, "वरून घेतो, खालून देतो. फिरल्याशिवाय देणार नाही. जा, गेंदीबाईला सांग."

तुरू तुरू तुरू. टिचकी गेली गेंदीबाईकडे.

"गेंदीमाय, गेंदीमाय, जातं फिरव.
जातं दाणा देईना,
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

गेंदीबाईच्या मांडीवर बाळ होतं. बाळ रडत होतं. एक हात बाळाच्या पाठीवर, दुसरा हात बाळाच्या डोक्यावर. आता जातं फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा?

गेंदीबाई म्हणाली, "बाळ गप्प झाल्याशिवाय फिरवणार नाही. जा, बाळाला सांग."

बाळ जवळच होतं. तरी टिचकीने एक चक्कर मारली. तुरू तुरू तुरू. टिचकी गेली बाळाकडे.

"बाळा, बाळा, गप्प हो.
गेंदीबाई जातं फिरवेना,
जातं दाणा देईना,
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

बाळ म्हणालं, "ट्यँहॅं, ट्यँहॅं, ट्यँहॅं."

म्हणजे काय? म्हणजे, दूध प्यायल्याशिवाय गप्प होणार नाही. जा, शेळीला सांग. टिचकीला सगळं कळलं. लहानांचं लहानांना कळतं.

तुरू तुरू तुरू. टिचकी गेली शेळीकडे.

"शेळीमावशी, शेळीमावशी, दूध दे.
बाळ गप्प होईना,
गेंदीबाई जातं फिरवेना,
जातं दाणा देईना,
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

शेळी दाराशी बांधलेली. रिकामंच तोंड हलवत होती. दूध म्हणजे काय विहिरीचं पाणी आहे, ओढलं की आलं? आधी खायला नको? असं बरंच काही पुटपुटली.

मग म्हणाली, "बॅ बॅ बॅ. सालं खाल्ल्याशिवाय देणार नाही. जा, कणसांना सांग."

तुरू तुरू तुरू. टिचकी गेली कणसांकडे. कणसं टांगलेली वर, टिचकी खाली. तिने मान वर केली. अजून वर केली. अजून वर केली. धप्प. पडली उताणी. मग पडल्या पडल्याच म्हणाली,

"कणसांनो, कणसांनो, खाली या.
शेळी दूध देईना,
बाळ गप्प होईना,
गेंदीबाई जातं फिरवेना,
जातं दाणा देईना,
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

कणसं झुलली. खुळखुळ खुळखुळ. कणसं म्हणाली, "दोरी तुटल्याशिवाय येणार नाही. जा, उंदराला सांग."

उंदीर कुठे होता? छपरातच होता. शेपूट तेवढी खाली लोंबत होती. टिचकी शेपटीशीच बोलली.

"उंदीरदादा, उंदीरदादा, दोरी कुरतड.
कणसं खाली येईनात,
शेळी दूध देईना,
बाळ गप्प होईना,
गेंदीबाई जातं फिरवेना,
जातं दाणा देईना,
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

शेपूट आत गेली. तोंड बाहेर आलं. उंदीर हळूच बोलू लागला, अगदी कुजबुज. कणसांवर बसूनच दोरी कुरतडावी लागते म्हणे. दोरी तुटली की कणसं खाली, आणि उंदीरही खाली. आणि खाली कोण आहे बघ.

टिचकीने पाहिलं. कणसांच्या बरोबर खाली बोका झोपला होता.

उंदीर म्हणाला, "बोका उठल्याशिवाय कुरतडणार नाही. जा, बोक्याला सांग."

आता तुरू तुरू नाही. आता तु... रू... तु... रू. टिचकी गेली बोक्याकडे. लांबच उभी राहिली. बोका केवढा? उंबरठ्याएवढा. मिशा केवढ्या? केरसुणीएवढ्या.

"बोकेराव, बोकेराव, उठता का?
उंदीर दोरी कुरतडेना,
कणसं खाली येईनात,
शेळी दूध देईना,
बाळ गप्प होईना,
गेंदीबाई जातं फिरवेना,
जातं दाणा देईना,
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

बोक्याने एक डोळा उघडला. त्याच्या पोटावर छान ऊन आलं होतं. छपराच्या फटीतून आलेलं, ऊन ऊन, कोवळं. बोका म्हणाला, "ऊन सरकल्याशिवाय उठणार नाही. जा, उन्हाला सांग." आणि डोळा मिटला. घुर्र, घुर्र.

तुरू तुरू तुरू. टिचकी गेली अंगणात. वर पाहिलं. या वेळी पडली नाही.

"उन्हा, उन्हा, जरा सरक.
बोका जागचा उठेना,
उंदीर दोरी कुरतडेना,
कणसं खाली येईनात,
शेळी दूध देईना,
बाळ गप्प होईना,
गेंदीबाई जातं फिरवेना,
जातं दाणा देईना,
टिचकीच्या पोटात कावळे ओरडतात."

ऊन हसलं. ते काही रागावलं नाही हं. पण म्हणालं, मी माझ्या चालीने सरकतो. दुपारी दुपारसारखा, संध्याकाळी संध्याकाळसारखा. घाई केली तर दिवस लवकर संपेल, मग सगळेच ओरडतील.

आणि ऊन कुणाचंच नाव सांगेना. याला सांग नाही, त्याला सांग नाही. म्हणजे आता कुणी उरलंच नाही.

टिचकी मटकन खाली बसली. खूप भूक लागली होती. संध्याकाळपर्यंत कोण थांबणार? ती रडली. एक थेंब रडली, दोन थेंब रडली. तिसऱ्या थेंबाला तिला राग आला. तुम्हाला सांगितलंय ना, राग परातभर. लिंबाएवढी टिचकी फुगली आणि मोसंब्याएवढी झाली.

तुरू तुरू तुरू. टिचकी घरात आली. बोक्याच्या तोंडाकडे गेली नाही. शहाणी होती. मागून गेली, शेपटीकडे. डोळे घट्ट मिटले. चोच उघडली.

टोच.

"विंचू! विंचू!" बोका ओरडला. असा उडाला, असा उडाला, की छपराला लागता लागता राहिला. पळाला तो थेट कुंपणापार. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग काय!

बोका उठला, तसा उंदीर आला. कुर्रुम कुर्रुम, दोरी कुरतडली.

दोरी तुटली, तशी कणसं आली. धबाधब धबाधब धबाधब. बरोबर बोक्याच्या जागेवर पडली. विंचू चावला म्हणून वाचला हो बोका. उंदीरही पडला आणि कणसांतून उठून पळाला.

कणसं आली, तशी सालं आली. शेळीने मान लांब केली. चरर मरर, चरर मरर, सालं खाल्ली.

शेळीने खाल्लं, तसं दूध आलं. गेंदीबाईने भांडं घेतलं. बाळ कडेवर, भांडं खाली. चुर्र चुर्र, दूध काढलं. मग ते तापवलं, निववलं आणि बाळाला पाजलं.

बाळ प्यालं घुटुक घुटुक. एक ढेकर दिली मोठ्या माणसासारखी, आणि गप्प झालं. झोळीत टाकलं तर झोपूनही गेलं.

गेंदीबाईचे हात मोकळे झाले. तिने खाली पडलेली कणसं पाहिली. कोण गं बाई हा कारभार करून गेलं, असं म्हणाली. पण पडलीच आहेत तर दळून टाकू. दोन कणसं घेतली, एकमेकांवर घासली. खरर खरर, दाणे पडले सुपात.

बाळाला नुकतेच दोन दात आले होते. दोन दातांनी भाकर कशी चावणार? तेव्हा पीठ नको, कण्या करू. मऊ मऊ शिजवू. पण जातं तर बारीक दळतं. मग गेंदीबाईने काय केलं? जात्याचा वरचा दगड उचलला. मधल्या खिळीला एक चिंधी गुंडाळली. दगड परत ठेवला. आता वरचा दगड थोडासा उचललेला राहिला. आता मका नुसता भरडणार, पीठ होणार नाही.

गेंदीबाई बसली. खुंटा धरला. जातं फिरलं. घर्र घर्र घर्र.

टिचकी जात्याच्या कडेला बसली, वाट बघत. आता येईल माझा दाणा. पिवळाधमक, टपोरा.

जात्याच्या फटीतून काहीतरी पडलं. टप टप टप टप टप. पाच बारीक बारीक तुकडे.

टिचकीने उलटून पाहिले, पालटून पाहिले. दाणा कुठाय? ती तर पार हिरमुसली. एवढं सगळ्यांना सांगत फिरले, बोक्याला टोचलं, आणि हा चुरा?

"जातोबा," ती म्हणाली, "माझा दाणा मोडला."

जातं फिरत फिरतच बोललं. तुझा दाणा सगळ्यांच्या आधी आत गेला, म्हणून सगळ्यांच्या आधी बाहेर आला. या पाच कण्या तुझ्याच. दुसऱ्या कुणाच्या नाहीत. खाऊन तरी बघ.

टिचकीने तोंड वाकडं केलं. एक कणी चोचीत घेतली. नको नको म्हणत घेतली.

टुक. कणी सरळ आत गेली. अडकली नाही की सटकली नाही.

टिचकीने जात्याकडे पाहिलं, कणीकडे पाहिलं. टुक. टुक. टुक. टुक.

तेवढ्यात गेंदीबाईचं लक्ष गेलं. अगं, तू इथे एकटीच? आई शेताकडे गेली की गं, असं म्हणाली, आणि मूठभर कण्या टिचकीपुढे टाकल्या. नऊ भावंडं नव्हतीच. सगळ्या कण्या टिचकीच्या. टिपटिप, टिपटिप, टिपटिप. लिंबाएवढी टिचकी पुन्हा मोसंब्याएवढी झाली. पण या वेळी रागाने नाही.

आता म्हणा माझ्याबरोबर.

बोका उठला,
उंदराने दोरी कुरतडली,
कणसं खाली आली,
शेळीने दूध दिलं,
बाळ गप्प झालं,
गेंदीबाईने जातं फिरवलं,
जात्याने दाणा दिला,
आणि टिचकीच्या पोटातले कावळे उडाले, भुर्रर्र.

जातं थांबलं. गोष्ट थांबली. आता डोळे मिटा, नाही तर विंचू येईल, चोचवाला.