साळूआत्याची हाक

नीट पडा पाहू. पाय पांघरुणात घ्या. आज माझा घसा थकला आहे, म्हणून गोष्ट एकदाच सांगेन. मध्येच "मग काय झालं" असे विचारायचे नाही. मग काय झाले ते मीच सांगणार आहे.

फार पूर्वी नदीकाठच्या एका राज्यात एक राजा होऊन गेला. त्याचे नाव माणिक. त्याच्यापाशी हत्ती होते, घोडे होते, खजिना होता. परंतु त्याला सर्वांत अधिक अभिमान होता तो आपल्या नावाचा. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून तो "माणिक" असे एकदा म्हणत असे आणि मगच दूध घेत असे.

एकदा काय झाले, राजाची पालखी नदीकाठाने चालली होती. तेवढ्यात एका म्हातारीने मोठ्याने हाक मारली, "माणिक! अरे ए माणक्या! चिखलात किती लोळशील मेल्या? चल घरी!"

राजाने पालखीतून मान बाहेर काढली. पाहतो तर डबक्यातून एक काळाकुळकुळीत रेडा उठत होता. राजाने मान वळवली होती, रेड्यानेही वळवली होती, आणि दोघेही त्या म्हातारीकडेच पाहत होते. भोई हसले नाहीत. पण पालखी हलली, बरं का, आणि राजाला समजायचे ते समजले.

मग दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. एका शब्दाला एकच अर्थ. एका नावाला एकच मालक. उरलेले अर्थ आणि उरलेली नावे सूर्यास्तापूर्वी सरकारी कोठारात जमा करावीत.

दरबारातल्या शास्त्रीबुवांनी वाटणी केली. 'पान' झाडाला मिळाले. मग जेवणाच्या वेळी "पान वाढलं आहे, या" असे कोणाला म्हणता येईना. "ज्यावर भात वाढतात ते आता वाढून झालं आहे, या," असे म्हणेपर्यंत भात निवून जाई. 'पाठ' शाळेतल्या गुरुजींना मिळाला. मग ज्यांची पाठ दुखत होती त्यांनी "खांद्यांच्या खालचा मागचा भाग दुखतो" असे म्हणायचे, आणि एवढे म्हणेपर्यंत तो भाग अधिकच दुखायचा. 'वर' नवरदेवाला मिळाला. मग छपरावर चढलेल्या माणसाला "कुठं आहेस रे?" असे विचारले, तर तो बापडा म्हणे, "खाली नाही."

बोलणे फार लांबले. माणसे दमली. प्रत्येक वाक्यापूर्वी थांबायचे, हा शब्द आपला की दुसऱ्याचा ते आठवायचे, आणि आठवून झाल्यावर काय बोलायचे होते तेच विसरायचे. संध्याकाळ होईतो सगळे राज्य भिंतीला टेकून बसलेले असे.

मग नावांची पाळी आली. त्या रेडा हाकणाऱ्या म्हातारीचे नाव होते साळू. आता साळू म्हणजे साळिंदरसुद्धा. अंगभर लांब काटे असलेले ते जनावर. नाही कुमुद, ते चावत नाही. शिपाई प्रथम साळिंदराच्या बिळाशी गेले. साळिंदराने काटे फुलवले. शिपाई मागे सरले. मग ते म्हातारीच्या दारी आले. म्हातारीला काटे नव्हते. तिचे नाव गेले. तिच्या रेड्याचेही गेले, कारण माणिक आता राजा एकटाच.

इथे एक गोष्ट शास्त्रीबुवांच्याही ध्यानात आली नव्हती. माणूस जमिनीवर टिकून राहतो तो कोणीतरी त्याला नावाने हाक मारते म्हणून. हाकेला वजन असते. हाक बंद झाली की माणूस हलका होऊ लागतो.

चौथ्या दिवशी म्हातारीची पावले जमिनीला लागेनात. तिला त्याचे फारसे दुःख झाले नाही. जन्मभर "साळू, पाणी आण", "साळू, शेण काढ", "साळू, दळण घे" असे ऐकून ती थकली होती. आता कोणी बोलवत नव्हते. ती पदराच्या टोकाला वरवंटा बांधून ठेवी, म्हणजे वाऱ्याने उडून जायला नको, आणि दारात वीतभर उंचीवर स्वस्थ तरंगत बसे. रेडाही हलका झाला. तो दावणीला बांधलेलाच चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढे आणि तिथला पाला खात राही.

म्हातारीचा धाकटा भाऊ भागोजी. तो अंबाडीचे दोर वळी. त्याची बायको येसू. लग्नानंतर बारा वर्षांनी येसूला मुलगी झाली आणि भागोजी धावत बहिणीकडे आला.

"आक्का, तू आत्या झालीस! पण पोरीला नावच नाही गं. कोठारवाला म्हणतो, सगळी नावं वाटून झाली. कुणी मरेल तेव्हा एक मोकळं होईल."

"मग थांबा तोवर," म्हातारी डोळे मिटून म्हणाली. "नाव नसलं म्हणजे कामही नसतं. सुखात राहील."

"आक्का, पोर पाळण्यात राहत नाही."

मग म्हातारी पदरातला वरवंटा सांभाळीत भावाच्या घरी गेली. पाहते तर बाळ पाळण्याच्या हातभर वर तरंगत होते. पायाला सुताचा दोरा बांधलेला होता. येसू रडत म्हणाली, "वन्सं, काल हा दोरा सैल होता. आज बघा कसा ताणलाय."

सुईण कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाराव्या दिवसापर्यंत बाळाचे कान नाव धरतात. पुढं धरत नाहीत. मग कितीही हाका मारा, ते परत यायचं नाही."

रोज बाळ अधिक हलके होई. भागोजीने सुताच्या जागी सुतळी बांधली, सुतळीच्या जागी दोरी बांधली. दोर वळणाऱ्याचे घर ते, दोराला तोटा नव्हता. पण दोराने बांधलेले लेकरू किती दिवस आपले म्हणायचे?

बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने. हा मान तिचाच. म्हणून अकराव्या दिवशी म्हातारी उठली. थकलेली होती, तरी उठली. एखाद्याच्या नावात बाळाला वाटा मिळतो का, ते पाहायला निघाली.

आधी ती नदीकडे गेली. नदीचे नाव भिवरा. म्हातारी म्हणाली, "बाई, तुझ्या नावातलं थोडं माझ्या भाचीला देशील?"

नदी म्हणाली, "केवढा माझा विस्तार, आणि केवढंसं हे नाव. मलाच अपुरं पडतं."

मग ती शेवंतीकडे गेली. शेवंती हळू आवाजात म्हणाली, "दिलं असतं हो. पण शिपायांनी मला उपटून टाकलं तर?" म्हातारीने तिला दोष दिला नाही. भीती वाटते माणसाला, झाडालाही वाटते.

मग तिसऱ्या खेपेला ती साळिंदराच्या बिळाशी गेली आणि वाकून म्हणाली, "साळू, आत आहेस का गं?"

आत खडखडाट झाला. काटे खाली बसल्याचा तो आवाज होता. साळिंदर बिळाच्या तोंडाशी आले.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"साळू."

"मला आजवर कुणी हाक मारलेली नाही," साळिंदर म्हणाले. "मी बिळात राहते ते उगीच नाही. बाहेर आले की उडते. इथं निदान छताला काटे टेकतात. तुझं नाव माझ्याकडे आलं खरं, पण त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. तूही घे, भाचीलाही दे. आणि हा एक काटा ने. पोर मोठी झाली की केसांचा भांग पाडायला होईल."

म्हातारीने काटा कनवटीला लावला आणि ती परत फिरली.

बाराव्या दिवशी बायका जमल्या. पाळण्याला फुले बांधली. घुगऱ्या शिजवल्या. बाळ दोराच्या टोकाला आढ्यापाशी हेलकावत होते, आणि दोर असा ताणला होता की बोटाने छेडला तर वाजावा. येसूने दोर ओढून बाळाला खाली आणले. म्हातारी बाळाच्या कानाशी वाकली. एवढ्यात बाहेर तुतारी वाजली.

कोणीतरी चुगली केली होती. वाटलेले नाव पुन्हा ठेवले जात आहे, हे ऐकून राजा स्वतः आला होता. पालखीतून उतरला तो खण्, खण् असा आवाज करीत. राजाच्या पायांत पितळेचे जोडे होते. जाडजूड, जडशीळ. दरबारात सगळे म्हणत, काय हा थाट! मुलांनो, थाट कशाचा, ते तुम्हाला आता समजेल.

"थांबा!" राजा उंबऱ्यापाशी ओरडला. "एका नावाला एकच मालक!" आणि तो आत पाऊल टाकू लागला.

सुईण आडवी आली. "महाराज, जोडे बाहेर. पाळण्यापाशी पायताण चालत नाही."

राजा घुटमळला. "राजाचे जोडे आहेत हे."

"असतील," सुईण म्हणाली. "तुमच्या बारशाला मीच होते. तुमच्या वडिलांनीसुद्धा जोडे बाहेर काढले होते."

पंचवीस बायका राजाच्या पायांकडे पाहत होत्या. राजाने एकदा शिपायांकडे पाहिले, एकदा पाळण्याकडे पाहिले. मग त्याने नाइलाजाने उजवा जोडा काढला, मग डावा काढला, आणि उंबरा ओलांडताच राजा भुर्रकन् वर गेला.

थेट आढ्याला जाऊन त्याचा मुकुट थडकला. घामाघूम झालेला राजा वाशांना धरून लोंबकळू लागला. छप्पर गवताचे; मुकुटाने त्यात भोक पडले आणि त्यातून आकाश दिसू लागले.

"महाराज! महाराज, खाली यावं!" शिपाई ओरडले. पण महाराज हे काही नाव नव्हे, ती गादी झाली. गादीला हाक मारून माणूस कसा येणार? राजाचे खरे नाव त्याच्या एकट्याचे होते, आणि ते उच्चारायची कोणाची छाती नव्हती. वाशाचा बांध सैल होऊ लागला. राजा लहान मुलासारखा खाली पाहू लागला.

म्हातारीला दया आली. पण राजाला हाक कशी मारतात, ते तिला ठाऊक नव्हते. तिला एकच रीत ठाऊक होती. तिने कमरेवर हात ठेवला आणि रोज डबक्याकाठी मारायची तशी हाक मारली.

"माणिक! अरे ए माणक्या! किती वर बसशील मेल्या? चल घरी!"

वाशांवरची राजाची पकड सुटली. तो अलगद खाली आला आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. त्याच क्षणी पलीकडे म्हातारीच्या दारातल्या चिंचेखाली धप्प् असा मोठा आवाज झाला. रेडाही चारी पायांवर उतरला होता.

राजाने हळूच विचारले, "आजी, हाक तुम्ही कोणाला मारलीत? मला की त्याला?"

म्हातारी म्हणाली, "महाराज, मी दमले आहे. हाक एकच मारली. ज्याला हवी असेल त्याने घ्यावी."

राजाने दोन्ही तळहात जमिनीवर टेकून पाहिले. मग म्हणाला, "आई गेली तेव्हापासून मला कोणी हाक मारली नव्हती." आणि पाळण्याकडे वळून तो म्हणाला, "आत्याबाई, नाव ठेवा."

मग म्हातारीने बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि "कुर्र" करून सांगितले, "साळू." बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. पाठीला पाठच म्हणायचे, हे त्यांना त्या क्षणी कोणी सांगायची गरज पडली नाही.

येसूने दोर सोडून दिला आणि आयुष्यात प्रथमच लेकीला हाक मारली, "साळू, ये गं."

बाळ पाळण्यात उतरले. पाळण्याची कडी करकरली. तो वजनाचा आवाज ऐकून भागोजीने तोंड फिरवून डोळे पुसले. आणि म्हातारी जन्माच्या सवयीने म्हणून गेली, "ओ, आले!" तशी तिचीही पावले जमिनीला लागली. पदरातला वरवंटा धाडकन् खाली पडला. अंगात सगळा थकवा एकदम परत आला. पण मुलांनो, ती त्या रात्री जशी झोपली तशी कित्येक दिवसांत झोपली नव्हती. तरंगणाऱ्याला झोप लागत नाही. झोपायला अंगात वजन लागते.

राजाने कोठार उघडले. शब्दांना त्यांचे अर्थ परत मिळाले. राजा ते पितळी जोडे पुन्हा घालीना. नदीकाठाने जाताना म्हातारीची हाक आली की तो आणि रेडा दोघेही मान वळवीत, आणि आता भोई उघड हसत. म्हातारी दर सोमवारी बिळाशी जाऊन एक हाक मारून येई, आणि साळिंदर बाहेर येऊन तिच्या शेजारी उन्हात बसे. ती भाची मोठी झाली, काट्याने भांग पाडू लागली. एक साळू बिळात, एक साळू पाळण्यात, एक साळू चुलीपाशी; तिघीही सुखाने नांदल्या आणि कोणाची अडचण कोणाला झाली नाही.

आता दिवा बारीक करते. मी एकेकाचे नाव घेईन. कोणी ओ द्यायची नाही. नुसते जड व्हायचे, आणि गादीत रुतायचे.

शालन.

दिगू.

कुमुद... निजली वाटते.